मंडळीची यादी करताना

कापणीचा सण झाला त्याच्या पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला थांबवलं. चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीची मुदत संपत आली होती. निवडणूक घ्यायची तर आधी मतदार यादी नव्यानं करायला हवी होती. "ताई, तुम्ही शाळेतून बीएलओचं काम केलंय. दारोदार जाऊन नावं तपासायची तुम्हाला सवय आहे. हे काम तुम्हीच घ्या," ते म्हणाले. मी महापालिकेच्या शाळेत शिकवते आणि मतदार याद्यांचं काम आम्हा शिक्षकांच्या पाचवीलाच पुजलेलं. महिन्याभरात आटपेल असं धरून मी हो म्हटलं. चार महिने लागले.

आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चचे सभासद, मध्य मुंबईतली, गिरणगावच्या काठावरची. नगर, राहुरी, नेवासा, जालना भागातून गिरणीत, रेल्वेत, इस्पितळात कामाला आलेल्या माणसांनी ती भरली. कुणी गावाकडे अमेरिकन मिशनचे, कुणी स्कॉटिश मिशनचे, कुणी अँग्लिकन. मुंबईत चाळ एक, म्हणून देऊळही एक. (आमच्याकडची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात.) १९८२चा संप झाला, गिरण्या गेल्या, चाळी पाडून टॉवर उभे राहिले आणि आमची कुटुंबं डोंबिवली, बदलापूर, नालासोपाऱ्याकडे सरकली. रविवारी मात्र पहाटेची लोकल पकडून अजून इथंच येतात.

यादीचे नियम तसे साधे होते. बाप्तिस्मा झालेला हवा, दृढीकरण (बाप्तिस्मा झालेल्यानं स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) होऊन प्रभुभोजनात (भाकर आणि प्याल्याच्या विधीत) भाग घेत असायला हवा, वय अठरा पूर्ण हवं, वर्गणी थकलेली नको आणि नाव दुसऱ्या मंडळीच्या यादीत नको. पाच अटी. मागची यादी समोर ठेवून बसले तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

मग पाळकसाहेबांनी कपाट उघडून रजिस्टरं दिली. बाप्तिस्म्याचं, लग्नाचं, दफनाचं आणि सभासदांची मोठी नोंदवही. लाल कापडाची पाठ, पानांना वाळवीनं पाडलेली भोकं, शाई तपकिरी झालेली. जुन्या पानांवर दृढीकरणाचा रकानाच नाही, 'मंडळीत घेतल्याची तारीख' आहे. शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात माणसांची अख्खी आयुष्यं मावलेली. 'नगरहून दाखल्याने आले.' 'दाखला देऊन पुण्यास गेले.' 'प्रभूत निजले.' (दाखला म्हणजे एका मंडळीनं दुसरीला दिलेलं सभासदत्वाचं पत्र.) एका पानावर माझ्या आजोबांचं नाव सापडलं, खाली आजीचं, आणि दोघांपुढे एकच शेरा, 'सहकुटुंब'. मी बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून बसले.

रकाने का बदलले ते कळायला मागचं थोडं माहीत हवं. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, १८१३ साली मुंबईत उतरले. ते मंडळीवादी परंपरेतले. त्या परंपरेत सभासदांची सभा सगळ्यांत वरची. पाळक कोण हवा ते सभा ठरवणार, पगार सभा ठरवणार, कुणाला आत घ्यायचं तेही सभाच, म्हणून जुन्या पानांवर 'मंडळीत घेतल्याची तारीख'. स्कॉटिश मिशन प्रेस्बिटेरियन. तिथं निवडलेले वडील (एल्डर) आणि पाळक मिळून कारभार बघतात, आणि अनेक मंडळ्यांवर मिळून त्यांचीच एक वरची सभा असते. अँग्लिकनांत बिशप. मुंबईला १८३७ साली पहिला अँग्लिकन बिशप मिळाला आणि फोर्टातलं सेंट थॉमस चर्च कॅथेड्रल झालं. मंडळीवादी आणि प्रेस्बिटेरियन १९२४ साली एकत्र आले. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभी राहिली, आमची मंडळी तिच्यातलीच. त्यांत अँग्लिकन होते, बाप्टिस्ट होते, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्टही होते.

या सगळ्यांनी आपापली पद्धत टाकून दिली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. बिशप राहिले. पाळकांच्या आणि निवडून गेलेल्या सभासदांच्या सभा राहिल्या. आणि तळाशी मंडळीची सभा राहिली. बाप्तिस्म्याचंही तसंच. बाळाचा बाप्तिस्मा मान्य आणि मोठेपणी विश्वास कबूल करून घेतलेलाही मान्य. आज आमच्याकडे पास्टरेटची कमिटी निवडली जाते, पाळक तिचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. पास्टरेटकडून प्रतिनिधी धर्मप्रांताच्या (बिशपांच्या हाताखालच्या प्रदेशाच्या) कौन्सिलवर जातात, धर्मप्रांतांकडून सिनडवर, म्हणजे सगळ्या चर्चच्या सर्वांत वरच्या सभेवर. पाळकांची नेमणूक आणि बदली बिशपांच्या हातात. माझे आजोबा म्हणायचे, "आम्ही पाळक बोलवायचो, आता पाळक येतात." त्यांच्या बोलण्यात तक्रार होती. मला आता दोन्ही बाजू दिसतात. पाळकाची नेमणूक मंडळीच्याच हाती असली की पुढच्या बाकावरच्या दोन घरांचं ऐकावं लागतं. बदली वरून होणार असली की पाळक मोकळेपणानं बोलू शकतो, पण मंडळीला आपलं म्हणणं मांडायला कमिटीशिवाय वाट राहत नाही. म्हणजे कमिटी महत्त्वाची, आणि कमिटीच्या आधी यादी.

शाळेतली माझी एक सहकारी गोराईची, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजातली, कॅथलिक. डबा खाताना मी तिला माझी अडचण सांगितली की बदलापूरला राहणारं कुटुंब कोणत्या मंडळीचं धरायचं. तिला प्रश्नच कळेना. त्यांच्याकडे पॅरिशला हद्द असते. घर बदललं की पॅरिश बदलली. मतदार यादीची भानगड त्यांना त्या अर्थानं नाहीच, कारण फादरना बिशप नेमतात आणि बिशपना रोमहून पोप. पण म्हणून लोकांना स्थान नाही असं नाही. १९८३च्या त्यांच्या धर्मसंहितेनं प्रत्येक पॅरिशला आर्थिक व्यवहार पाहणारी समिती सक्तीची केली आहे. पॅरिश कौन्सिल असते तिथं ती सल्ला देते, निर्णय फादरचा. "पण आमच्या फादरांनी कौन्सिलचं ऐकलं नाही तर दुसऱ्या दिवशी गावठाणात सगळ्यांना माहीत होतं," ती म्हणाली. कागदावरची सत्ता आणि गावातली सत्ता यांत अंतर असतंच, आमच्याकडेही आणि त्यांच्याकडेही.

डोंबिवली-बदलापूरच्या कुटुंबांचा प्रश्न आम्ही असा सोडवला. जे तिकडच्या मंडळीत नाव नोंदवून बसलेत त्यांनी तिकडेच मत द्यायचं, इथून रीतसर दाखला न्यायचा. जे अजून इथं येतात, इथं वर्गणी देतात, त्यांची नावं इथं. यासाठी मी नाताळच्या सुट्टीत सहा रविवारचं काम आठ दिवसांत केलं. बदलापुरात एका घरी तीन पिढ्या भेटल्या. आजोबांचं नाव आमच्याकडे, मुलाचं दोन्हीकडे, नातवाचं कुठंच नाही. नातू सव्वीस वर्षांचा, बाप्तिस्मा इथला. दृढीकरणाच्या वर्गाला कधी बसलाच नाही, कारण रविवारी सकाळी इतक्या लांबून वर्गाच्या वेळेला पोचणं जमलं नाही. वर्ग दुपारी ठेवायला हवा हे मी तिथंच वहीत लिहून घेतलं.

मसुदा यादी तयार झाली. दोनशे बारा नावं. देवळाच्या दाराशी फलकावर लावली आणि हरकतींसाठी दोन रविवार दिले.

पहिल्या रविवारी सगळे गेल्यावर एक मावशी फलकापुढे उभ्या दिसल्या. चष्मा कपाळावर चढवून बोटानं एकेक ओळ खाली जात होत्या. शेवटपर्यंत गेल्या, पुन्हा वर आल्या. मी जवळ गेले. "सलाम मावशी, काय शोधताय?"

"सलाम बाई. माझं नाव कुठल्या बाजूला आहे गं?"

मी शोधलं. नव्हतं. मागच्या यादीतही नव्हतं, त्यामागच्याही नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, कारण या बाईंना मी लहानपणापासून तिसऱ्या बाकावर बघत आले होते. नवरा गिरणीत होता, त्या सरकारी इस्पितळात आया. दवण्याच्या वासाची पांढरी साडी, हातात जुनं उपासना संगीत हे गीतांचं पुस्तक, पानांना चिकटपट्ट्या लावलेलं. चाळीस-बेचाळीस वर्षं त्यांनी इथं भाकर आणि प्याला घेतला आणि एकदाही त्यांनी मत दिलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, "आधी हे द्यायचे. हे गेले, मग कुणी बोलावलंच नाही. मला वाटलं बायकांचं नसतं."

सोमवारी संध्याकाळी मी नोंदवही घेऊन बसले. कुटुंबाच्या पानावर नवऱ्याचं नाव, त्यावर लाल रेघ, पुढे 'प्रभूत निजले, २००३'. खाली 'पत्नी'. नुसतं 'पत्नी'. नाव लिहिलंच नव्हतं. वर्गणीचं कार्ड नवऱ्याच्या नावानं निघायचं ते अजूनही त्याच्याच नावानं निघत होतं. बावीस वर्षं ती बाई मेलेल्या माणसाच्या कार्डावर दर महिन्याला पैसे भरत होती. यादी करणारे दर वेळी मृतांची नावं काढायचे आणि त्या नावाबरोबर ती स्वतःही निघून जायची. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मावशी एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. आत रबरबँड लावलेले पावत्यांचे गठ्ठे, वर्षाप्रमाणे. सगळ्यांवर नवऱ्याचं नाव, पण भरणाऱ्याच्या सहीच्या जागी त्यांचीच सही, शाळेतल्या मुलीसारखी गोल आणि मोठी.

वर्गणीचा प्रश्न असा सुटला. राहिला दृढीकरणाचा पुरावा. लग्न होऊन त्या मुंबईला आल्या तेव्हा नवऱ्यानं त्यांचा दाखला आणून दिलेलाच नव्हता. माहेर नेवासा तालुक्यातलं. गावाकडे एक पास्टरेट म्हणजे पाच-सहा गावच्या मंडळ्या आणि सगळ्यांना मिळून एकच पाळक, म्हणून फोन लागेपर्यंत आठवडा गेला. त्या पाळकांनी मात्र मनापासून शोधलं. मोटारसायकलवरून जुन्या मिशन बंगल्यात गेले, पेटी उघडली आणि मला मोबाइलवर पानाचा फोटो पाठवला. पानावरचं छापील जुनं शीर्षक पेनानं खोडून वर हातानं 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' लिहिलेलं. एकीकरण होऊन पाच महिनेही झाले नव्हते, नवी पुस्तकं छापून आलेली नसणार. खाली सतरा वर्षांच्या मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आणि तारीख ११ एप्रिल १९७१, पुनरुत्थानाचा रविवार.

मी तो फोटो मावशींना दाखवला. त्यांनी फोन हातात घेतला, स्क्रीनवर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हे माझ्या बाचं अक्षर. बा तेव्हा मंडळीचे कारभारी होते."

हे सगळं घेऊन मी कमिटीपुढे गेले. हरकतीची मुदत तोवर संपली होती आणि मूळ दाखला अजून पोचला नव्हता. एक जुने सभासद म्हणाले की नियम म्हणजे नियम, आज एकाला सूट दिली तर उद्या कुणीही फोटो घेऊन येईल. त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. मुंबईत देवळाच्या भिंतीइतकीच देवळाच्या जागेचीही किंमत आहे. आयत्या वेळी नावं घुसवून कमिटी ताब्यात घेतल्याच्या गोष्टी आम्ही सगळ्यांनी ऐकल्या आहेत. जागा ट्रस्टच्या नावावर असली तरी लोकांचा आवाज कमिटीतूनच जातो. सार्वजनिक न्यासाची जागा धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत वरळीच्या कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, या गोष्टी आमच्या तरुण सभासदांना माहीतच नसतात. गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा खटला २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला तेव्हा न्यायालयानं हेच सांगितलं की नुसता एकीकरणाचा ठराव केला म्हणून न्यासाची मालमत्ता नव्या चर्चकडे जात नाही, कायद्यानं ठरवलेली रीत पाळावी लागते. म्हणजे भक्तिभाव एका जागी आणि कागद दुसऱ्या जागी ठेवून चालत नाही. त्या गृहस्थांची काळजी मला समजत होती.

पण मी घरून बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय वाचून आले होते. यरुशलेमातल्या पहिल्या मंडळीत पहिली कुरकुर झाली ती याच कारणानं. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. तेव्हा प्रेषितांनी सगळ्या मंडळीला बोलावलं आणि तुमच्यातूनच सात जण निवडा म्हणून सांगितलं. मंडळीनं स्तेफन, फिलिप्प असे सात निवडले, आणि सातांचीही नावं ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा सुटल्या होत्या त्यांच्यातलीच माणसं त्या कामावर नेमली गेली असावीत. आपण ज्याला कमिटी म्हणतो तिची सुरुवातच यादीतून सुटलेल्या विधवांपासून झालेली आहे, एवढंच मी बोलले आणि खाली बसले.

पाळकसाहेब अध्यक्ष होते. मनात आणलं असतं तर त्यांनी स्वतःच निर्णय दिला असता. त्यांनी तसं केलं नाही. ठराव मांडायला लावला, अनुमोदन घेतलं, हात वर करायला सांगितले. हरकत घेणाऱ्या गृहस्थांनी ठरावात एक दुरुस्ती सुचवली. ही सवलत एकट्या मावशींना न देता अशा सगळ्या नोंदी तपासाव्यात, पंधरा दिवसांची एकच वाढीव मुदत द्यावी आणि मतदानाच्या दिवसापर्यंत मूळ दाखला आलाच पाहिजे. ती दुरुस्ती माझ्या मागणीपेक्षा चांगली होती. ठराव एकमतानं झाला आणि इतिवृत्तात गेला.

मग मी लाल रेघ असलेलं प्रत्येक पान उघडलं. नुसतं 'पत्नी' लिहिलेल्या अकरा विधवा सापडल्या. दोघी वारल्या होत्या, एक मुलीकडे नाशिकला गेली होती. आठ जणी दर रविवारी आमच्यात बसत होत्या. त्यांतल्या एकीला मी रोज शाळेच्या वाटेवर भाजी घेताना भेटते.

आठही जणींचे दाखले जमवायला जानेवारी गेला. मावशींचा मूळ दाखला नेवाशाहून मुंबईला लग्नाला येणाऱ्या एका कुटुंबाबरोबर आला, पाकिटावर पाळकांचा शिक्का आणि आत सोबत अर्धा किलो ज्वारीचं पीठ. सहा जणींचे वेळेत आले. दोघींचे आले नाहीत.

निवडणूक फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी झाली. उपासनेनंतर बाकं सरकवली, संडे स्कूलच्या खोलीत पडदा लावला, रिकामी पेटी सगळ्यांना उलटी करून दाखवली आणि कुलूप लावलं. मतपत्रिकेवर सोळा उमेदवार, त्यांतले दहा निवडायचे. टेबलाशी यादी घेऊन मी बसले होते. ज्यानं त्यानं आपल्या नावापुढे सही करून पत्रिका घ्यायची.

मावशी पावणेबाराला आल्या. त्यांचा क्रमांक दोनशे सतरा. यादीत त्यांचं पूर्ण नाव होतं, स्वतःचं, वडिलांचं आणि नवऱ्याचंही. त्यांनी चष्मा पुसला, सहीच्या रकान्यावर पट्टी ठेवली आणि तीच गोल मोठी सही केली. मग मतपत्रिका घेऊन विचारलं, "सगळ्यांना दहाच खुणा करायच्या ना? मी चार बायकांना करणार आहे."

मतमोजणी तीनपर्यंत चालली. नव्या कमिटीत तीन बायका आल्या, पूर्वी एक असायची. खजिनदार म्हणून त्याच जुन्या गृहस्थांना सगळ्यांनी पुन्हा घेतलं, आणि माझ्या मते ते योग्यच झालं.

पहिल्या बैठकीत दोन ठराव झाले. वर्गणीचं कार्ड कुटुंबाच्या नावानं न काढता प्रत्येक प्रौढ सभासदाच्या नावानं काढायचं, आणि दृढीकरणाचा वर्ग महिन्यातून दोनदा दुपारी दोन वाजता कल्याणला एका सभासदाच्या घरी घ्यायचा. बदलापूरचा तो नातू पहिल्या वर्गाला आला होता.

नोंदवहीच्या नव्या पानावर मी आता 'पत्नी' असा शब्द एकटा लिहीत नाही. राहिलेल्या दोन दाखल्यांतला एक राहुरीकडचा आहे. तिथले पाळक बदलून गेलेत आणि पेटीची किल्ली कुणाकडे आहे याचा शोध चालू आहे. दुसरा जालन्याचा. मे महिन्याच्या सुट्टीत मी स्वतः जाऊन येणार आहे.